भोपळ्याची गोष्ट आणि आपली बाग

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेल्या बाईला पंधरा मिनिटं म्हणजे हजेरी घेण्यातच जातात. तरी प्रयत्न करते. विषय दिलाय, ‘आपली भाजीची बाग : एक यशोगाथा’. यातला ‘यशोगाथा’ हा शब्द मी आधीच खोडून टाकते. बाग एकदा पूर्ण बुडाली होती आणि ती बुडवण्यात माझा मोठा हात होता. आज तेच सांगणार आहे. पंचवीस वर्षांच्या आनंदाच्या दिवशी भांडणाची गोष्ट कशाला, असं कोणी म्हणेल. पण ते भांडण झालं नसतं, तर आजची बाग झाली नसती.

आधी आपल्या गावाबद्दल थोडं. बाहेरच्या माणसाला घोडेगाव कसं सांगायचं? नगर-संभाजीनगर रस्त्यावरचं, शिंगणापूरला वळायचं गाव. जनावरांच्या बाजाराचं गाव. घोडेश्वरी देवीचं गाव. आणि कांद्याचं गाव. नेवासा बाजार समितीच्या आपल्या उपबाजारात लिलावाच्या दिवशी ट्रॅक्टरची रांग कुठपर्यंत जाते, ते तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी पोरांना शाळेत सोडायला किती वेळ लागतो, ते प्रत्येक आईला माहीत आहे.

अशा गावात राहून आपण काय करत होतो? कोथिंबिरीची जुडी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणत होतो आणि ती कुठून आली, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. आपल्या ४२ घरांपैकी बहुतेक घरं शेतातूनच आली. कोणी नोकरीसाठी, कोणी पोरांच्या शाळेसाठी, कोणी वाटण्या झाल्या म्हणून. पंचवीस वर्षांपूर्वी प्लॉट पडले, तेव्हा ही सगळी काळी जमीन होती. आम्ही तिच्यावर मुरूम टाकला, जोते बांधले, अंगणात फरशी बसवली. चिखल नको म्हणून. जन्मभर चिखलात पाय घातलेली माणसं आम्ही! पक्कं अंगण म्हणजे आम्हाला प्रगती वाटली. त्यात चूक नव्हती. फक्त मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ सहा गुंठे मोकळी जागा राहिली आणि तिथे वीस वर्षं गाजरगवत वाढलं.

मग २०२० चा मार्च आला. आठवडे बाजार बंद, रस्ता बंद. गावाबाहेर शेतात भाजी सडत होती आणि आपण घरात दोन्ही वेळा पिठलं खात होतो. तेव्हा आपल्यातल्या अकरा घरांनी ते गाजरगवत उपटलं. तोंडाला रुमाल बांधून, लांब लांब उभं राहून. जूनच्या पहिल्या पावसावर भेंडी, गवार, चवळी, दोडका, दुधी भोपळा लावला. घरात कोंडलेल्या माणसांना माती मिळाली. पहिली भेंडी निघाली, तेव्हा लोकांनी तिचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. नातू झाल्यावरही इतके फोटो गेले नसतील.

मी शिक्षिका. साहजिकच कारभार माझ्याकडे आला, किंवा खरं सांगायचं तर मी तो घेतला. अकरा घरांना अकरा वाफे आखून दिले. पाट्या लावल्या. आणि एक नियम केला : भाजी फक्त काम करणाऱ्या सभासदांची. ऐकायला किती बरोबर वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

ऑगस्टमध्ये वेलावरचे भोपळे कमी होऊ लागले. आज एक, परवा एक. मी पाळत ठेवली. एका सकाळी कोपऱ्यावरच्या काकू पदराखाली भोपळा घेऊन जाताना दिसल्या. काकूंचा स्वतःचा वाफा होता, पण तो मेथीचा. भोपळा दुसऱ्याच्या वाफ्यातला. मी त्यांना तिथेच अडवलं. शाळेत पोराला अडवावं तसं. पाच-सहा जण होते, मुलंही होती. मी जे बोलले ते आज परत बोलणार नाही. काकू काहीच बोलल्या नाहीत. भोपळा त्यांनी टाकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि त्या निघून गेल्या.

काकू आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारूनच हे सांगते आहे.

ही गोष्ट तिथे संपली नाही. काकूंबरोबर आणखी दोन घरं यायची बंद झाली. मग ‘माझ्या वाफ्याला पाणी कमी, त्यांच्याला जास्त’ सुरू झालं. कोणी रात्री पाईप लावून ठेवू लागलं. फेब्रुवारीत बोअरचं पाणी उतरलं, तेव्हा पिण्याला पुरत नाही आणि बागेला कशाला, असा आवाज उठला. तो बरोबरच होता. एप्रिलपर्यंत सगळं वाळलं. मेमध्ये पुन्हा गाजरगवत. मी सगळ्यांना सांगत फिरले, ‘लोकांना एकी नको आहे.’ आपल्याकडे हे वाक्य फार सोपं आहे. कुठलंही सामाईक काम बुडालं की आपण ते म्हणतो आणि हात झटकून मोकळे होतो.

भोपळ्याचं खरं कारण मला आठ महिन्यांनी कळलं. तेही दुसऱ्याच कोणाकडून. काकूंच्या शेजारच्या घरात एक भाडेकरू जोडपं होतं. मुलगी बाळंतीण, माहेर मराठवाड्यात, टाळेबंदीमुळे आई येऊ शकलेली नाही. दूध येत नव्हतं म्हणून काकू तिला भोपळ्याची भाजी करून घालत होत्या. ते जोडपं सभासद नव्हतं, त्यामुळे त्यांना वाफा नव्हता. माझ्या नियमात ती मुलगी कुठेच बसत नव्हती.

मी काकूंकडे गेले. हात जोडले. काकू म्हणाल्या, “बाई, भोपळ्याचं काय घेऊन बसलात? तुम्ही पोरांदेखत बोललात.” एवढंच. मग चहा ठेवला. चहा घेताना मी विचारलं, “तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?” तर म्हणाल्या, “तुम्ही विचारलं कुठं होतं? तुम्ही तर निकाल लावला होता.”

मंडळी, त्या दिवसापासून मी दुसऱ्यांची कामं बघायला लागले. आपण बुडालो, पण लोकांची सामाईक कामं टिकतात कशी?

माझा धाकटा भाऊ काही वर्षं धुळे जिल्ह्यात साक्रीकडे नोकरीला होता. त्या भागात पांझरा नदीवर जुने बंधारे आहेत आणि त्यांवर फड पद्धत चालत आली आहे, काही शतकांपासून. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे भाग करायचे, त्याला फड म्हणतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. कुठल्या फडात काय, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. आणि पाणी? पाणी शेतकऱ्याने स्वतः घ्यायचंच नाही. ते पाटकरी देणार. सगळ्यांनी नेमलेला माणूस. पाणी कमी झालं तर टंचाई सगळ्यांनी वाटून घ्यायची. हे ऐकल्यावर आमची चूक लख्ख दिसली. आम्ही जमीन वाटली आणि पाणी मोकळं सोडलं होतं. करायला हवं होतं नेमकं उलटं.

दुसरी शिकवण आपल्याच जिल्ह्यातली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. शाळेची पायरी न चढलेली बाई. त्यांनी गावरान बियाणं जपलं, बीजबँक उभी केली. डॉ. रघुनाथ माशेलकरांनी त्यांना ‘बीजमाता’ म्हटलं आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपण सगळ्यांनी ते टीव्हीवर पाहून टाळ्या वाजवल्या. पण त्यांच्या कामातली मला सगळ्यात मोठी वाटलेली गोष्ट टाळ्यांची नाही, हिशेबाची आहे. बियाणं घ्यायचं आणि पीक आल्यावर दुप्पट परत करायचं. दान नाही, उपकार नाही. घेणाऱ्याची मान खाली जात नाही आणि मडकं रिकामं होत नाही.

आणि तिसरी गोष्ट तर आपल्या अंगणातली. आपला जिल्हा सहकाराचा. १९५० साली लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवलं, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ पाठीशी उभा राहिला. एकाने लोक जोडले, एकाने हिशेब आणि घडी नीट बसवली. दोन्ही लागतं. आपली सोसायटीही १९६० च्या सहकार कायद्याखालीच नोंदलेली आहे. दर वर्षी आपण ताळेबंद छापतो, लेखापरीक्षण करून घेतो. बागेच्या वेळी मात्र ‘घरचंच तर आहे’ म्हणून एक ओळ लिहिली नव्हती. घरचं असतं तिथेच लिहून ठेवावं लागतं, हे वाटण्या पाहिलेल्या माणसांना मी काय सांगू?

म्हणून २०२२ च्या मे महिन्यात आपण पुन्हा बसलो. या वेळी कारभार माझ्याकडे नव्हता. मी काकूंचं नाव सुचवलं. त्या म्हणाल्या, मला लिहिता येत नाही फारसं. मी म्हटलं, लिहायला मी आहे. तेव्हापासून काकू बागेच्या पाटकरी आणि मी त्यांची कारकून.

काय ठरलं ते नव्या सभासदांसाठी थोडक्यात सांगते.

वाफे कोणाच्या नावाचे नाहीत. सहा गुंठ्यांचे चार फड. एका फडात वेलवर्गीय, एकात पालेभाजी, एकात वांगी-भेंडी-गवार, एक विश्रांतीला. त्यात ताग पेरायचा आणि फुलावर आला की गाडायचा. पुढच्या वर्षी फड फिरवायचे.

पाणी काकू देतील त्यानेच. पाईपला हात लावायचा नाही, अगदी अध्यक्षांनीसुद्धा. बोअरचं पाणी होळीनंतर बंद. त्यानंतर फक्त टाकीच्या बाजूच्या चार घरांचं न्हाणीघराचं पाणी, तेही कर्दळीच्या ताटव्यातून मुरवून. म्हणजे उन्हाळ्यात बाग छोटी होते : अळू, कडीपत्ता, शेवगा, थोडा राजगिरा. मुळा उजव्या कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर मेथी खाणं शोभत नाही.

खत घरचं. ओला कचरा खड्ड्यात. जमीन झाकायला उसाचं पाचट. आपल्याकडे ते लोक जाळतात, मागितलं तर फुकट देतात. पाचट अंथरल्यापासून काळ्या मातीला भेगा कमी पडतात आणि पाणी निम्म्या वेळा द्यावं लागतं. वीस लिटरच्या बादलीत जीवामृत : एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन, बांधावरची मूठभर माती. सकाळ-संध्याकाळ ढवळायचं आणि काही दिवसांतच वापरून टाकायचं. वास येतो. पहिल्या आठवड्यात तक्रार आली होती. बादली आता माझ्या घराच्या खिडकीखाली असते.

काम आठवड्याला एक तास, पाळीने. ज्यांना गुडघ्यामुळे वाकता येत नाही, त्यांनी बसून शेंगा सोलायच्या, बी निवडायचं. तेही काम धरलं जातं.

वाटप रविवारी सकाळी सात वाजता, तराजूवर, सगळ्यांसमोर. आकडे फाटकाजवळच्या फळ्यावर.

आणि सगळ्यात पहिला नियम, जो काकूंनी सांगितला आणि मी लिहिला : घरात बाळंतीण, आजारी किंवा म्हातारं एकटं माणूस असेल, तर त्याचा वाटा आधी काढायचा. सभासद असो, भाडेकरू असो, की आपला वॉचमन असो. त्याने काम केलं का, हे विचारायचं नाही.

आता पदरात काय पडलं ते. सध्या १७ घरं कामाला आहेत. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात घरटी आठवड्याला दीड-दोन किलो भाजी मिळते. उन्हाळ्यात जवळजवळ काही नाही. यावर कुठलंच घर चालत नाही. बाजाराची पिशवी सुटलेली नाही. पहिल्या वर्षी वांग्याला शेंडेअळी लागली आणि निम्मं पीक फेकलं. माकडं आली होती, तेव्हा भोपळ्यांचा प्रश्न एका दिवसात सुटला!

मग मिळालं काय? एक म्हणजे बियाणं. काकूंच्या माहेरचा घेवडा, कोणाच्या सासरची गावरान काकडी, एक जांभळ्या देठाचा वाल. नऊ वाणांच्या बाटल्या आज माझ्या कपाटात आहेत. राख लावून, नाव आणि साल लिहून. नेणाऱ्याने दुप्पट आणून द्यायचं. दुसरं म्हणजे आपली मुलं. चौथीतल्या एका मुलाने मला विचारलं, “आजी, मुळ्याला शेंगा येतात हे पुस्तकात का नाही?” बत्तीस वर्षांत मी हे कधी शिकवलं नव्हतं.

आणि तिसरं. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली. भाव कोसळले, ठिकठिकाणी लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले. ते दिवस आपल्या गावाला सांगायला नकोत. आपल्यापैकी कितीतरी जणांचे भाऊ, चुलते त्यात होते. तेव्हा रविवारच्या वाटपाच्या वेळी एकाने विचारलं, आपण काही करू शकतो का? लाल कांदा साठवून टिकत नाही. म्हणून घरटी दहा-दहा किलो, पंधरा दिवसांनी पुन्हा दहा, असं ४२ घरांनी थेट तीन शेतकऱ्यांकडून घेतलं, आधी ठरवलेल्या भावाने. एकूण झाला ८४० किलो. म्हणजे ट्रॉलीचा एक कोपरा. यातून कोणाचं कर्ज फिटलं नाही आणि तसं म्हणणं म्हणजे त्यांची थट्टा होईल. पण पुढच्या एप्रिलमध्ये त्याच तिघांकडून आपण साठवणीचा उन्हाळ कांदा घेतला, मग गहू, मग तूर. जपानमध्ये १९७० च्या दशकात शहरातल्या गृहिणींनी शेतकऱ्यांशी असाच थेट करार सुरू केला. त्याला ते ‘तेइकेइ’ म्हणतात. आपल्याला त्यासाठी करार लागला नाही, फळा आणि तराजू होता. बाग नसती तर रविवारी सात वाजता आपण एकत्र उभेच नसतो, मग हा प्रश्न कोणी कोणाला विचारला असता?

आता शेवटचं, आणि हे बोलायला जीभ जड होते. येत्या वार्षिक सभेत एक ठराव येतो आहे : मागच्या सहा गुंठ्यांत पेव्हर ब्लॉक बसवून पार्किंग करावं. ठराव आणणारे आपलेच आहेत, त्यांची अडचण खरी आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याकडे तीन चारचाकी होत्या. आज दारोदार आहेत. रात्री रुग्णवाहिका आत यायला अडते, हे आपण गेल्या वर्षी पाहिलं आहे. म्हणून ‘गाडीवाले विरुद्ध बागवाले’ असं कोणी करू नये. मी एकदा निकाल आधी लावून बसले होते, त्याची किंमत तुम्ही ऐकलीत.

माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. एक, सभेआधी दोन्ही बाजूंनी बसून मोजमाप करावं. विश्रांतीच्या फडाची दीड गुंठा जागा पुढच्या रस्त्याला लागून आहे. ती देता येते का, गाड्या तिरप्या लावल्या तर रस्ता किती मोकळा होतो, हे आपल्यातल्याच ओव्हरसियर भाऊंनी टेप लावून सांगावं. बागेचा एक कोपरा रुग्णवाहिकेसाठी गेला, तर काकूंचं आणि माझं काही म्हणणं नाही. दुसरं, मत कुठलंही द्या, पण देण्याआधी एका रविवारी सकाळी सात वाजता टाकीजवळ या. एकदा ब्लॉक बसला की खालची माती मरते. पुन्हा उकरली तरी तिला पहिल्यासारखी व्हायला किती वर्षं लागतात, ते आपल्यापैकी मुरमावर झाडं लावून बघितलेल्यांना विचारा.

आणि ठराव मंजूर झाला, तर मी रुसणार नाही. बियाण्याच्या नऊ बाटल्या काकूंच्या हवाली करीन. त्या कुठेतरी जागा शोधतीलच.

ज्या बाळंतिणीसाठी तो भोपळा गेला होता, ती मुलगी, तिचा नवरा आणि बाळ आज इथे आहेत. त्यांनी आपल्याच सोसायटीत पुढच्या गल्लीतलं घर विकत घेतलं. बाळ आता शाळेत जातं. गेल्या रविवारी तराजू धरायची पाळी त्याच्या आईची होती.

पंधरा मिनिटं केव्हाच झाली. स्वयंपाक्यांनी खुणा केल्या आहेत. आजच्या जेवणातला मुळा आणि वांगी आपल्या बागेतली आहेत, बाकी सगळं बाजारातलं. सगळ्यांना पंचवीस वर्षांच्या शुभेच्छा.